न गोठवलेली चाल

सांगतो ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवणार. ठेवा. माझी मी ठेवून झालीत, त्यात तुमची थोडी भर पडली तर काही बिघडत नाही.

सोनपान चहाची किटलीबाई तुम्हाला आठवत असेल. एसटी स्टँडवरच्या पडद्यावर, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, दुधाच्या गाडीच्या पाठीवर, जिथं बघाल तिथं ती होती. लाल किटली, काडीसारखे दोन पाय, आणि ती चाल. डावं पाऊल नीट पडणार, मग उजवीकडं एक झोका, झाकण किंचित उडणार, की पुन्हा डावं पाऊल. सहा महिने अख्खा महाराष्ट्र तिच्यावर लट्टू होता. ती किटली मी केली. सम्मेद मगदूम, मोशन ग्राफिक्स, मुक्काम पुणे. आणि ती चाल माझ्या सख्ख्या बहिणीची होती, तिला न विचारता घेतलेली.

आमचं काम तसं साधं असतं. पडद्यावरच्या कुठल्याही आकाराला काही संख्या चिकटलेल्या असतात. तो कुठं आहे, किती कललाय, केवढा आहे. त्याला हलवायचं तर एक पद्धत अशी की इथं ही संख्या ठेवायची, तिथं ती ठेवायची, आणि मधलं अंतर संगणक भरून काढतो. दुसरी पद्धत म्हणजे एक्स्प्रेशन. संख्येच्या जागी एक ओळ लिहायची. 'सेकंदाला दोनदा, वीस घरं इकडंतिकडं हल.' किंवा 'शेजारच्या वर्तुळाकडं बघ, आणि ते करेल ते अर्ध्या सेकंदानं तू कर.' बस्स, एवढंच. मग तो आकार स्वतःच्या मनानं वागतोय असं वाटायला लागतं. या एका ओळीवर मी वीस वर्षं पोट भरलंय.

तीन-चार वर्षांपूर्वी त्यात चालीचं सूत्र आलं. माणसाचं चालणं म्हणजे तेच तेच पुन्हा होणारं हेलकावणं. कुठलंही असं हेलकावणं साध्या लाटांमध्ये उकलता येतं. एक मोठी सावकाश लाट, तिच्यावर एक लहान जलद, तिच्यावर आणखी एक बारीक. बुटात सेन्सरचा सोल घालून माणूस थोडा वेळ चालला की यंत्र या लाटा मोजतं आणि वीस-पंचवीस संख्या हातात देतं. त्या एक्स्प्रेशनमध्ये भरा आणि एखाद्या चौकोनाला लावा. चौकोन त्या माणसासारखा चालतो. आणि गंमत बघा, लोक ओळखतात! सांध्यांवर दिवे लावून अंधारात माणूस चालवला, तर नुसते ठिपके बघून घरचे लोक नाव सांगतात, हे शास्त्रज्ञांना फार जुनं ठाऊक आहे. चेहरा लपवता येतो, चाल लपत नाही. हे मला ठाऊक होतं बरं का. नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता आक्काबद्दल. पद्मजा मगदूम, जयसिंगपुरात हायस्कूलला गणित शिकवते. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. जन्मतः तिचा उजवा खुबा निखळलेला होता, ते घरच्यांच्या ध्यानात आलं ती चालायला लागल्यावर. पाय आखूड राहिला. पण तिची चाल हा गावात चेष्टेचा विषय नव्हता, कारण तिनं तो होऊच दिला नव्हता. घरापासून शाळा सव्वा किलोमीटर, रोज चालत जाणार, चालत येणार. कुणी म्हणालं, "बाई, गाडीवरनं सोडू काय?" तर म्हणायची, "मला नको सोडूस, तुझ्या पोराला वेळेवर शाळेत सोड." माणूस गप गाडी पुढं काढायचा.

दोन वर्षांपूर्वी मिरजेला तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यानं तिला तो सेन्सरचा सोल दिला, म्हणजे डॉक्टरांना तिथं बसून कळावं पाय कसा पडतोय. ॲपचा पासवर्ड तिनं मलाच देऊन टाकला. "तूच बघत जा बाबा त्यातलं. तेवढंच तुझं लक्ष राहील माझ्याकडं," असं म्हणाली होती ती.

मग किटली आली. एजन्सीचा निनाद कारखानीस माझा जुना मित्र. किटलीची चाल मी हातानं अकरा वेळा केली, अकरा वेळा त्यानं परत पाठवली. "गोड आहे रे, पण जिवंत नाहीये." शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मी ॲप उघडलं. आक्काच्या संख्या तिथनंच जोडून घेतल्या आणि किटलीला लावल्या. किटली उठली आणि चालायला लागली. देवाशप्पथ, माझ्या अंगावर काटा आला. आक्का लाल रंगाची होऊन पडद्यावरनं निघाली होती. मी काय केलं असेल? उजवीकडचा झोका थोडा वाढवला, झाकण उडवलं, आणि पाठवून दिली. बघताना मला हसू आलं होतं, हेही सांगून टाकतो.

आता यात एक चूक झाली, ती आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. फाइल बाहेर पाठवण्याआधी सूत्रं गोठवायची असतात. म्हणजे एक्स्प्रेशननं काढलेल्या हालचाली पक्क्या संख्या करून टाकायच्या, की मग मूळ ठिकाणाशी संबंध तुटला. पूर्वी जाहिरात चित्रफीत म्हणून जायची, तेव्हा न गोठवता चालायचं. आता अख्खी फाइलच पडद्यावर जाते आणि चित्र तिथल्या तिथं तयार होतं. मी गडबडीत गोठवलं नाही. किटली दवाखान्याच्या ॲपला जोडलेलीच राहिली. आक्का चालत असेल तर किटली त्याच क्षणी तिच्यासारखी चालायची, वाटेत थांबली तर थांबायची. आक्का चालून झाल्यावर बसली असेल तर तिची त्या दिवशीची शेवटची चाल पुन्हा पुन्हा गिरवायची. नव्या दिवशी आक्का जोवर घराबाहेर पडत नाही तोवर जागेवर उभी राहायची.

दोन महिन्यांनी निनादचा फोन आला.

"सम्या, लेका, काय डोकं आहे तुझं! क्लायंट वेडा झालाय. म्हणतो, किटली सकाळी पडदे लागल्यावर थोडा वेळ नुसती उभी असते, मग कामाला निघते. दुपारी दमते, पाय ओढते. रोज वेगळी! हे तू आम्हाला सांगितलंही नाहीस?"

एका क्षणात सगळं कळलं. दुपारी दमते म्हणजे काय, तर सहा तास वर्गात उभं राहून आक्काचा खुबा दुखतो. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, "म्हटलं, तुमचं तुम्हाला कळू दे."

निनादनं करारात ते घालूनच टाकलं. किटलीबाई रोज नवी. त्या वर्षी एका बक्षिसासाठी माझं नाव गेलं, आणि मी फोटोसाठी नवा कुर्ता शिवला.

जूनला शाळा उघडल्यावर आक्काचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तुझ्या त्या किटलीनं माझी पंचाईत केली बघ."

"का गं?"

"पोरं मला किटलीबाई म्हणायलीत. पाचवीतलं एक कार्टं व्हरांड्यात माझ्या मागनं तसं चालत आलं. झाकण उडवल्यागत मान पण उडवली त्यानं." ती हसली, पण हसणं अर्ध्यात थांबलं. "पंचवीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी हसलं नव्हतं रे. आता मी आत आले की आधी हसतात आणि मग उभी राहतात."

"लहान आहेत गं. विसरतील. मनावर घेऊ नकोस."

मनावर घेऊ नकोस! सांगणारा कोण, तर मी. फोन ठेवल्यावर माझे कान तापले होते. तेव्हाच फाइल गोठवायची, किटलीची चाल बदलायची, काहीतरी करायचं होतं. पण करारात 'रोज नवी' लिहिलेलं होतं, बक्षिसाचा निकाल दोन महिन्यांवर होता, आणि मी स्वतःला सांगितलं की पोरं खरंच विसरतील.

जुलैच्या शेवटी किटली थांबली. सगळ्या पडद्यांवर, एकाच वेळी. नुसती उभी, पाय जुळवून. पहिल्या दिवशी लोकांना गंमत वाटली. चौथ्या दिवशी निनाद फोनवर ओरडत होता. "अरे काय झालं तिला? मेली का?"

मी ॲप उघडलं. आक्काची चार दिवसांची पावलं जवळजवळ शून्य. घरातली आणि वर्गातली चार-दोन पावलं दवाखाना चाल म्हणून धरत नाही. ती रिक्षानं जायला लागली होती. दारातनं रिक्षात, रिक्षातनं वर्गात. जुनी चाल शोधली तर दवाखाना सात दिवसांपलीकडचं ठेवत नाही, आणि मी गोठवून ठेवलेलं काहीच नव्हतं. हातात होत्या त्या पावसामुळं अडखळलेल्या दोन चाली. त्या लावल्या तर किटली चिखलात रुतल्यासारखी दिसायला लागली.

"सोमवारपर्यंत चालव तिला," निनाद म्हणाला. "नाहीतर सगळं मुसळ केरात."

आणि मी जयसिंगपूरला गेलो. रात्रीच निघून, शनिवारी भल्या सकाळी, सीताफळं घेऊन. काय करायला गेलो होतो ते मला नीट माहीत होतं.

दार उघडल्यावर आक्काचा चेहरा असा फुलला, काय सांगू. "आज कसा काय रस्ता चुकलास?" तिनं लगेच थालीपीठं टाकली, दही आणलं, समोर बसून मला खाताना बघत राहिली.

मी म्हणालो, "आक्का, रिक्षानं जायलीस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"ॲपात दिसतंय की. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना तुला? असं बसून राहिलीस तर खुबा आखडेल. मला काळजी वाटते गं."

तिनं पदर डोळ्यांना लावला. आक्का! जिला मी ऑपरेशनच्या दिवशीही रडताना बघितलं नव्हतं. "मला वाटलं होतं, तुला वेळच नसेल ॲप बघायला," ती म्हणाली. "बघतोस होय रे?"

"रोज बघतो," मी म्हणालो.

"पोरं हसतात म्हणून बंद केलं बघ. एवढी म्हातारी झाले आणि पोरांना भ्याले."

"चल, मी येतो बरोबर. आज शाळेपर्यंत चालत जाऊ."

शनिवारची सकाळची शाळा. ती माझा हात धरून निघाली. पहिली शंभर पावलं जड गेली तिला, मग लय लागली. मी काय करत होतो? मनातल्या मनात पावलं मोजत होतो. दोनशे सलग झाली की दवाखाना त्याला चाल म्हणतो आणि किटली हलते. दोनशे झाली तेव्हा मला हायसं वाटलं. ती मला गल्लीतल्या लोकांना दाखवत होती. "भाऊ आलाय पुण्यासनं. मला चालवायला आलाय."

स्टँडच्या कोपऱ्यावर तिला धाप लागली. रेलिंग धरून ती थांबली. समोर स्टँडच्या भिंतीवर मोठा पडदा, आणि पडद्यावर किटलीबाई. आक्का थांबली, आणि अर्ध्या सेकंदानं किटली थांबली.

आक्का निघाली. किटली निघाली.

आक्का परत थांबली. या वेळी ती दमली नव्हती. पडद्याकडं बघत तिनं एकच पाऊल टाकलं. किटलीनं एक टाकलं. मग तीन. किटलीनं तीन. मग दोन टाकून ती झटक्यात मागं वळली. किटली वळली नाही, तिला मी वळायला शिकवलं नव्हतं, पण पावलं मात्र दोनच टाकली. गणिताची बाई ती, तिला आणखी पुरावा लागत नव्हता. बाकावर बसलेली चार माणसं एकदा हिच्याकडं, एकदा पडद्याकडं बघायला लागली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सम्मेद," आक्का म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "आक्का, ते गोठवायचं राहून गेलं."

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. पाय धरता आले असते. मी आमच्या धंद्यातली सबब सांगितली, गिऱ्हाइकाला सांगतात तशी.

तिनं माझा हात सोडला. "किती दिवस ती नुसती उभी होती?"

"चार दिवस."

"आणि म्हणून तू आलास."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी अक्षरशः वाटलं. तिनं हात करून रिक्षा थांबवली. चढताना एकदाच बोलली. "काळजीचं तरी खोटं बोलायचं नव्हतंस रे."

मी तिथंच स्टँडच्या बाकावर बसून, फोनवरनंच, किटली काढून टाकली. निनादला सगळं खरं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मग त्यांची परवानगी घेऊन टाक की, सही आण." मी त्याला जे लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. करार गेला, बक्षीस गेलं, त्याचं मला खरंच काही वाटलं नाही. वाटत होतं ते वेगळंच. आक्का फोन उचलत नव्हती. आणि किटली गेली तरी पोरांच्या अंगातनं ती चाल जाईना. शेजारच्या काकू सांगायच्या, बाई अजून रिक्षानंच जातात.

भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व असतं, दहा दिवसांचं. ते संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, सगळे एकमेकांसमोर हात जोडून उभे राहतात आणि वर्षभरात झाल्या-गेल्याची क्षमा मागतात. 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरच्यानंही 'उत्तम क्षमा' म्हणायचं. नाही म्हणायची पद्धत नाही. आता बहुतेक जण फोनवर हलत्या फुलांची चित्रं पाठवून मोकळे होतात, आणि त्यातली निम्मी फुलं मीच कधीतरी हलवलेली असतात. त्या वर्षी मी फोन बंद करून जयसिंगपूरला गेलो. गाडीत चार तास पाठ करत होतो. 'आक्का, मी तुझी चाल चोरली. लोकांना तुला हसू दिलं. तुझ्या दुखण्याचं कौतुक करून घेतलं. आणि तुझ्या काळजीचं नाव घेऊन तुला बाजारातनं चालवलं.'

अभिषेक झाला. रांगा लागल्या. आक्का पलीकडच्या रांगेत, एकेकासमोर हात जोडत पुढं सरकत होती. माझ्यासमोर आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली, हळू आवाजात.

"तू पहिलीत असताना आई तुला माझ्याबरोबर शाळेत पाठवायची. गल्ली संपली की तू हात सोडून पुढं पळायचास. पोरांना कळू नये, ही तुझी बहीण म्हणून. मग मागं वळून बघायचास, मी किती लांब आहे ते. मी मुद्दाम आणखी हळू चालायचे, तुला लाज वाटू नये म्हणून. आणि घरी आईला सांगायचे, सम्मेद माझा हात धरून आला. चार वर्षं आईशी खोटं बोलले मी. ती गेली, तिला आता सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. उत्तम क्षमा."

आणि तिनं हात जोडले. माझ्यापुढं.

म्हणजे क्षमा मी करायची होती. तिला! पद्धतच तशी. 'उत्तम क्षमा' हे दोन शब्द मी कसेबसे ढकलले. आणि माझं पाठ केलेलं काढेपर्यंत ती पुढं सरकली होती. माझ्यासमोर आमचे एक चुलते उभे होते आणि "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा, पुण्यात बरं चाललंय ना?" म्हणत होते.

मी रांग मोडून बाहेर आलो. आक्का चपला घालून रस्त्याला लागली होती. रिक्षा नव्हती. ती चालत निघाली होती, आणि तिच्या मागं तिच्याच शाळेतली तीन पोरं, डावं पाऊल, झोका, डावं पाऊल, माना उडवत.

"आक्का!" मी हाक मारली.

ती थांबली नाही. चाल तेवढी हळू केली.

मी पोरांच्या मधनं गेलो आणि तिच्याजवळ पोचलो. लहानपणी मला या रस्त्यावर वाटायची तीच लाज वाटत होती, फरक इतकाच की या वेळी ती माझी मला वाटत होती. "ती किटली मी केली," मी म्हणालो. "तुझ्या पायावरनं. तुला न विचारता. आणि त्या दिवशी मी तुझ्यासाठी नव्हतो आलो."

आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. नजर समोर, मान वर.

"मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "त्यांना माहीत नाही. जरा जोरात बोल."

मागं पोरांची पावलं थांबली होती. दुकानातनं दोघं-तिघं बाहेर आले होते. मी मागं वळलो आणि पहिल्यापासून, जोरात, सगळं सांगितलं.